उधाणाला फुटलेले दोन बांध

फोन माझ्या मुलानं उचलला. शुक्रवारची दुपार होती, शारजातल्या आमच्या फ्लॅटचा एसी नेहमीसारखा घरघरत होता, विद्या आमटीला फोडणी देत होती आणि मी वॉशिंग मशीनचा पाइप सोडवून फरशीवर उकिडवा बसलो होतो. सात वर्षांचा अमेय रिसीव्हर हातात धरून म्हणाला, "बाबा, समवन इज क्राइंग." मी ओले हात बनियनला पुसले. पलीकडे नसरीन होती, याकूबभाईंची थोरली मुलगी, श्रीवर्धनकडच्या त्यांच्या खाडीकाठच्या गावातून बोलत होती. "काका, अब्बा गेले," ती म्हणाली. मी विचारलं, हार्ट का? गल्फमधून परत गेलेली आमची माणसं बहुतेक हार्टनंच जातात, त्या उत्तराची मनाला सवय झालेली असते. ती म्हणाली, "नाही काका. पाण्यात. बांध फुटला, त्याच्यावर अब्बा उभे होते."

मी तिला तीनदा विचारलं. तिनं तीनदा तेच सांगितलं. याकूबभाई आणि पाण्यात बुडून... जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईला स्वतःच्या घरातली चूल सापडू नये, तसं काहीतरी ते वाटत होतं. चांदाची तारीख विचारून जो माणूस भरती किती वाजता येणार ते सांगायचा, तो भरतीच्या पाण्यात जातोच कसा? मी काहीतरी पुटपुटलो, फोन ठेवला आणि पुन्हा जाऊन वॉशिंग मशीनचा पाइप बसवू लागलो. चुकीच्या बाजूनं बसवत होतो, हे मला विद्यानं खांद्याला हात लावून सांगितलं. आज या गोष्टीला दोन महिने होत आले. अजूनही दिवसातून एकदा तरी मला वाटतं, की फोन चुकीच्या घरी लागला होता.

मी मूळचा सोलापूरचा. पाणी म्हणजे नळाला एक दिवसाआड येणारी वस्तू, एवढीच माझी आणि पाण्याची ओळख. सिव्हिल इंजिनिअर होऊन नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी रास अल खैमाला एका छोट्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत लागलो, तेव्हा समुद्र मी आयुष्यात चारदा पाहिला होता. याकूबभाई तिथे फोरमन होते. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, सडपातळ, मेंदी लावलेली दाढी, पायात कायम रबरी स्लिपर. सेफ्टी शूज घाला म्हणून मी पहिल्याच दिवशी त्यांच्यावर डाफरलो. "चिखलात बूट अडकतो साहेब, पाय निघून येतो," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी खाडीत माझा बूट अडकला आणि पाय निघून आला. ते काही बोलले नाहीत, नुसता बूट उपसून, धुऊन माझ्या जीपमध्ये ठेवला.

आमच्याकडे काम आलं होतं ते बांध काढण्याचं. त्या शहराच्या मधून समुद्राची खाडी आत जाते आणि तिचा एक फाटा वस्तीमागून वळून जातो. नदी नसलेल्या देशात शहराची नदी म्हणायची तर हीच. त्या फाट्यावर फार पूर्वी कोणीतरी ट्रक पलीकडे नेण्यापुरता दगड-रेतीचा कमरेएवढा बांध घातला होता, खाली एक पाइप टाकला होता, काम संपलं आणि बांध तसाच राहिला. पाइप केव्हाच गाळानं बुजला. मोठ्या भरतीला बांधावरून पाणी आत जाई आणि मग आतच अडकून पडे. वरच्या अंगाला हिरवट साय धरलेलं डबकं, मरायला टेकलेली, खाऱ्या चिखलातली तिवरांची झाडं, अंड्यासारखा कुजका वास. खालच्या अंगाला मात्र भरतीबरोबर माशांची पिल्लं झुंडीनं यायची, बांधाला तोंडं घासायची आणि ओहोटीबरोबर परत जायची. याकूबभाईंनी ते मला पहिल्यांदा दाखवलं. "ही बोय. इथले लोक बियाह म्हणतात. हिला वाढायला वरचं उथळ पानी लागतं. रोज येते बिचारी, रोज परत जाते." मी म्हटलं, हो का. माझं लक्ष मशीन कुठून उतरवायचं याच्याकडे होतं.

त्यांच्या गावात खारजमिनीच्या बांधांवरच त्यांचं बालपण गेलं होतं. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध आणि त्यात लाकडी फळ्यांचं दार, त्याला ते उघाडी म्हणायचे. कुठल्या दिवशी किती फळ्या उचलायच्या हे त्यांचे वडील चांदावरून ठरवायचे. पुनवेला आणि अवसेला उधाण, पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. चांदाच्या सात-आठ तारखेला भांग, तेव्हा पाण्याची ये-जा थोडी. हे सगळं त्यांनी मला जीपमध्ये, चहाच्या टपरीवर, क्रेनच्या सावलीत सांगितलं होतं. मी ऐकत होतो. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

बांध काढायची तारीख ठरवायची वेळ आली, तेव्हा ते माझ्या पत्र्याच्या ऑफिसात आले. म्हणाले, "बांध काढायचाच साहेब, सवाबाचं, पुण्याचं काम आहे. पन भांगेला हात घाला. आधी पाइप साफ करू, रोज थोडं थोडं पानी सोडू. खालचा काळा गाळ एकदम सुटला तर खालच्या खाडीचा दम कोंडेल. पंधरा दिवस द्या." मी टाइड टेबल, भरती-ओहोटीचा छापील तक्ता, उघडून त्यांच्यापुढे धरलं. उधाणाच्या दिवशी ओहोटी सगळ्यात खाली जाते, आकडा समोर होता. त्या दिवशी बांधाचा पाया उघडा पडेल, मशीन कोरड्यात उभं राहील, एका दिवसात काम खलास. याकूबभाईंनी तक्त्याकडे पाहिलंच नाही. "तुमी मशीनचं बघताय," ते म्हणाले. "पान्याचं कोन बघनार?"

मी तसा तापट माणूस. त्या दिवशी उकाडा होता, विद्या आणि तीन महिन्यांचा अमेय आदल्याच आठवड्यात फॅमिली व्हिसावर आले होते, झोप धड नव्हती... ही सगळी कारणं मी नंतर गोळा केली. तेव्हा फक्त एवढंच झालं, की मी म्हटलं, "याकूबभाई, इंजिनिअर तुम्ही की मी?"  ते म्हणाले, "तुमीच साहेब," आणि ऑपरेटरला सांगायला बाहेर गेले.

उधाणाच्या ओहोटीला आम्ही बांध फोडला. पहिले दोन तास मी खूश होतो. मशीनखाली कोरडी रेती होती, अगदी तक्त्यात होतं तसं. मग एका बाजूनं पाण्याला वाट सापडली आणि आतलं सगळं अडकलेलं पाणी एकाच वेळी निघालं. पाणी म्हणवत नव्हतं त्याला, काळं डांबर वाहत जावं तसं ते गेलं, आणि असा वास सुटला की ऑपरेटर मशीन सोडून पळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी खालची खाडी पांढरी दिसत होती. बोयींची पोटं होती ती. काठाला, होड्यांच्या मधे, दोरखंडांत, सगळीकडे उलटी पडलेली बोय. एक म्हातारा अरब कोळी गुडघाभर पाण्यात उभा राहून आपला तारेचा पिंजरा उचलत होता, त्यात जिवंत एकही नव्हता. त्यानं माझ्या डोक्यावरचं हेल्मेट पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "लेश?" म्हणजे, का? एवढा एकच शब्द. मला अरबी येत नाही असं दाखवून मी तिथून निघालो.

ऑफिसात मॅनेजरनं सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, कालच काम सुरू करा असं कोणी सांगितलं. कागदावर माझी सही नव्हती, तोंडी हुकूम होता.  मी तोंड उघडणार होतो, असं मी स्वतःला सात वर्षं सांगत आलो आहे. त्याआधी याकूबभाई म्हणाले, "मैंने बोला था साब." त्यांना वाटलं असावं, शिव्या बसतील, चार दिवस तोंड चुकवावं लागेल. बसला तो व्हिसा कॅन्सलचा शिक्का. आज सांगतो, उद्या सांगतो करत मी गप्प राहिलो आणि पंधराव्या दिवशी मीच त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. गाडीत मी रडकुंडीला आलो होतो. त्यांनी मलाच समजावलं. "पोरगं लहान हाय तुमचं. माझी पोरं मोठी झालीत, मला आज ना उद्या जायचंच होतं. तुमी फक्त खाडीवर लक्ष ठेवा. पानी खेळायला लागलं की बोय वर येईल. आली की मला कळवा."

मी लक्ष ठेवलं. दुसरं काय करणार होतो? पहिले काही महिने वरच्या अंगाला नुसता चिखल होता. मग वास गेला. मग एके दिवशी त्या चिखलात सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली, खेकड्यांची. मग निवटे आले, चिखलावर पोटानं उड्या मारणारे ते विचित्र डोळ्यांचे मासे, आणि त्यांच्या मागे बगळे. मेलीच म्हणून सोडून दिलेल्या तिवरांना बुंध्याजवळ पालवी फुटली. वर्ष होत आलं होतं, तेव्हा एका संध्याकाळी भरती चढताना मी जुन्या बांधाच्या जागेवर उभा होतो आणि माझ्या पायांजवळून बोटाएवढ्या पिल्लांची झुंड सरळ वर गेली. कशाला तोंड न घासता, न थांबता गेली. मी टेलिफोन बूथवरून त्यांच्या गावात शेजाऱ्यांच्या घरी फोन लावला. त्यांना बोलावून आणेपर्यंत कार्डावरचे अर्धे युनिट संपले. "याकूबभाई, बोय वर आली," मी म्हटलं.  त्यांनी विचारलं, "कुठवर?" मी म्हटलं, मशिदीमागच्या वळणापर्यंत. "अजून जाईल," ते म्हणाले. "अल्हमदुलिल्लाह."

बांध काढणं चूक नव्हतं, काढायची रीत चूक होती. एवढी साधी गोष्ट कळायला मला खाडीभर मासे आणि एका माणसाची नोकरी घालवावी लागली. पुढे मी शारजाला आलो, मोठ्या कंपनीत लागलो. ईदला मी फोन करायचो, दिवाळीला ते करायचे. त्यांच्या गावातही एक जुना खारबांध होता. त्याच्यामागची शेती पडीक होऊन वर्षं झाली होती, उघाडीच्या फळ्या गाळात रुतून बसल्या होत्या, आतली खाडी मेली होती. तो बांध हळूहळू मोकळा करावा म्हणून ते गावाच्या मागे लागले होते. रास अल खैमाला पाहिलं ते गावातल्यांना सांगतो, असं म्हणायचे. मी म्हणायचो, छान, सांगा. गावात त्यांना काय ऐकून घ्यावं लागत होतं, याची मला कल्पना नव्हती. कारण गल्फमधली बातमी माणसाच्या आधी त्याच्या गावात पोचते, हे मला ठाऊक असूनही मी त्याचा विचार केला नव्हता.

ते मला नसरीननं सांगितलं, त्याच शुक्रवारी, दुसऱ्या फोनवर. बांध काढायला गाव तयार झालं होतं, पण तरुण मंडळींनी मशीन आणायचं ठरवलं आणि दिवस निवडला उधाणाचा. ओहोटी सगळ्यात खाली जाते, मशीन कोरड्यात उभं राहील... तिनं उच्चारलेलं हे वाक्य माझं होतं. याकूबभाई बैठकीत उभे राहिले. भांगेला करा, दोन-दोन फळ्या उचला, असं सांगू लागले. तेव्हा एक जण म्हणाला, "चाचा, दुबईला उधाणाला बांध फोडून मासे मारलेत तुमी, नोकरी घालवून आलात, आता आम्हाला शिकवताय?" सगळी बैठक हसली. ठरलेल्या दिवशी मशीन लागलं तेव्हा ते धावत बांधावर गेले, हात हलवून थांबवायला. ऑपरेटरनं मशीन थांबवलंही. पण पाण्याला वाट सापडली होती. त्यांच्या पायाखालची मातीच गेली. दुसऱ्या दिवशी ते खालच्या तिवरांत सापडले.

"बैठकीत लोक हसल्यावर अब्बा काहीच बोलले नाहीत, काका," नसरीन म्हणाली. "एरवी एवढे बोलायचे. त्या दिवशी खाली बसले आणि गप्प राहिले. का हो?"

मला का ते माहीत होतं. एकाच वाक्याचं काम होतं. ‘ती चूक माझी नव्हती, साहेबांची होती.’ हे वाक्य त्यांनी सात वर्षं जपून ठेवलं, बायकोला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही, आणि जीव वाचवण्यापुरतंही वापरलं नाही.  तेव्हासुद्धा मी नसरीनला म्हणालो, आवाज नीट येत नाही. फोन ठेवून वळलो तर विद्या दारात उभी होती. तिला मी त्या दिवशी सगळं सांगितलं. ती रागावली नाही, रडलीही नाही. बराच वेळ अमेयच्या दप्तराची चेन उगाच लावत-उघडत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे आपण इथे राहिलो ते त्यांच्यामुळे. आणि हे तुम्ही मला आज सांगताय." त्यानंतर चार दिवस आमच्या घरात कामापुरतंच बोलणं होतं. पाचव्या दिवशी मी नसरीनला फोन केला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं.  माझं संपल्यावर ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग काका? मी कधी अब्बांना चूक म्हटलं नव्हतं. गावात येऊन सांगाल?"

त्यांच्या चाळिसाव्याच्या विधीला मी गावी गेलो. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या ओसरीवर गावाची जमात बसली होती, त्यात मला खुर्ची दिली. मी खुर्चीवर बसू शकलो नाही, उभ्यानंच बोललो. सोलापूरच्या शाळेत वक्तृत्वाला बक्षीस मिळवलेला मी, त्या दिवशी चार वाक्यं सलग बोलता येईनात. ते मासे मी मारले. तो दिवस मी निवडला. त्यांनी मला नको म्हणून सांगितलं होतं, तुम्हाला सांगितलं त्याच शब्दांत. त्यांनी माझं नाव घेतलं नाही आणि मी त्यांचं नाव खराब होऊ दिलं... बैठकीत जो बोलला होता तो, तिशीतला, दाट मिशांचा माणूस, खांबाला टेकून बसला होता. त्यानं गुडघ्यांत डोकं घातलं. मला वाटलं होतं, कोणीतरी मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. जमातीचे म्हातारे प्रमुख फक्त एवढंच म्हणाले, "आता सांगितलंत. बरं केलंत." त्यांच्या आवाजात माफी नव्हती, रागही नव्हता.

त्या दुपारी मी बांध पाहून आलो. फुटलेली जागा गावानं घाईघाईत रेतीच्या गोण्यांनी बुजवली होती, पलीकडची उघाडी तशीच बंद होती. आत पुन्हा हिरवं पाणी तुंबलं होतं, बाहेरच्या बाजूला गोण्यांशी पिल्लं घुटमळत होती. मला धक्का बसला तो याचा. एवढं होऊनही सगळं जिथल्या तिथे होतं. माणूस गेला आणि बांध राहिला.

परत आलो तेव्हा याकूबभाईंच्या अंगणात पाच-सहा जण बसले होते, प्रमुखही होते. त्यांनी मला विचारलं, "साहेब, तुमी इंजिनिअर. गोण्या तर काढायच्याच हायत. मग आता कसं करायचं? कुठल्या दिवशी?" मी खिशात हात घातला, जणू तिथे टाइड टेबल होतं. मला सांगता येईना. एवढी वर्षं याकूबभाईंकडून ऐकलं, पण आकडा कोणीतरी समोर धरल्याशिवाय मला आजही दिवस सांगता येत नाही. मी तसंच म्हटलं, मला माहीत नाही.

नसरीन उठली, अब्बांच्या खोलीत गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आली. या वर्षीचं होतं. तिनं ते प्रमुखांच्या मांडीवर ठेवलं. प्रत्येक पानावर भांगेच्या दिवसांना पेन्सिलीनं गोल केलेले होते, वर्ष संपेपर्यंतच्या प्रत्येक महिन्यात. गोलाच्या बाजूला याकूबभाईंच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं, दोन फळ्या, पुढच्याला दोन, त्याच्या पुढच्याला तीन. कोणी ऐकत नसताना त्यांनी हे करून ठेवलं होतं. म्हाताऱ्यांनी चष्मा लावला, पानावरून बोट फिरवलं आणि वाचलं, "बुधवार. दोन फळ्या." दाट मिशांचा तो माणूस अंगणाच्या कडेला उभा होता. तो पुढे आला आणि त्यानं हळू आवाजात विचारलं, "किती वाजता?"

म्हाताऱ्यांनी कॅलेंडर डोळ्यांजवळ नेलं. खाली बारीक अक्षरात तेही लिहिलेलं होतं.